ग्लुटेन बंद केलं तरी त्रास थांबत नाही? या चुका टाळा

मुलीला सिलिअ‍ॅक (ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) असल्याचं कळलं त्याच दिवशी घरातली कणीक, रवा, मैदा, शेवया सगळं बाहेर काढलं. तरी दोन महिने तिची पोटदुखी जाईना. शेवटी चोर सापडला फोडणीत, हिंगाच्या डबीत.

आपण वापरतो तो बहुधा बांधणी हिंग. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळतात. ते पीठ बऱ्याचदा गव्हाचंच असतं. डबीवर तसं लिहिलेलं असतं, पण हिंगाची डबी कोण वाचतं? चिमूटभरच असला तरी तो रोजच्या वरणात पडतो. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो मागून घ्या.

लेबलवर फक्त ‘गहू’ शोधू नका. जव आणि राय (हे धान्य, आपली मोहरी नव्हे) यांतही ग्लुटेन असतं. माल्ट म्हणजे बहुधा मोड आणून वाळवलेलं जव. कॉर्नफ्लेक्स मक्याचे असले, तरी चवीला अनेकदा माल्ट घातलेला असतो. मेतकूट आणि थालीपिठाच्या भाजणीत गहू पडतो, हे तर आपल्याच घरातलं.

‘लो ग्लुटेन’ला ‘ग्लुटेन फ्री’ समजू नका. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे ‘ग्लुटेन फ्री’ पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. ‘लो’मध्ये ते १०० पर्यंत असू शकतं. सिलिअ‍ॅक असलेल्यांसाठी तो नाहीच.

गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारी आणू नका. घरघंटी घेतली तर तीत गहू कधीच घालू नका.

औषधांचं मात्र मला खरंच खटकतं. बिस्किटाच्या पुड्यावर घटक पदार्थांची यादी असते. गोळीच्या पाकिटावर मूळ औषध, त्याचं प्रमाण आणि पुढे नुसतं ‘एक्सिपियंट्स’, म्हणजे औषधाखेरीज गोळीत घातलेले बाकीचे घटक. गोळी बांधायला वापरलेला स्टार्च मक्याचा की गव्हाचा, हे त्यावरून कळत नाही. बहुतेकदा तो मक्याचा असतो, पण रुग्णाने अंदाजावर का राहावं? ते पाकिटावर छापायलाच हवं. तोवर पाकिटावरच्या पत्त्यावर कंपनीला लिहून विचारा. दुकानदाराने तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं तर पुन्हा विचारा, कारण स्टार्च बदललेला असू शकतो. उत्तर येईपर्यंत गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.