हॉट रॉडवरचे डिस्क ब्रेक लपवताना या चुका टाळा

हॉट रॉड म्हणजे वेगासाठी फेरफार केलेली जुनी गाडी. 1932 सालच्या फोर्ड रोडस्टरचे (उघड्या टपाच्या मोटारीचे) पुढचे मडगार्ड काढले की तिची पुढची चाके, ॲक्सल आणि ब्रेक पूर्णपणे उघडे पडतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे कॅलिफोर्नियातली तरुण मुले अशा गाड्या म्युरॉक आणि एल मिराज येथील कोरड्या सरोवरांच्या तळावर पळवत असत, तेव्हा त्यांच्या चाकांत ड्रम ब्रेकच होते, म्हणजे फिरत्या डब्याच्या आतून दाबणारे ब्रेक. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक 1939 मध्ये दिले. त्यामुळे नंतरच्या फोर्डचे किंवा लिंकनचे ब्रेक काढून जुन्या गाडीवर चढवणे ही या छंदातली रूढ रीत झाली. आज तशी गाडी बांधणाऱ्याला महामार्गावर डिस्क ब्रेकचा, म्हणजे फिरत्या तबकडीला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकचा, भरवसा हवा असतो, परंतु चाकाआड चकाकणारी डिस्क दिसली की गाडीचा काळ चुकतो. म्हणून डिस्कवर बाहेरून खोटा ड्रम चढवतात. बहुधा 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या ब्यूइक गाड्यांच्या पंखदार (बाहेरून उष्णता सोडणाऱ्या पातळ कडा असलेल्या) ॲल्युमिनियम ड्रमची नक्कल केली जाते, आणि आतल्या बाजूने जुन्या धाटणीची बॅकिंग प्लेट (ड्रममागची पत्र्याची तबकडी) लावून कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, झाकला जातो.

यात होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे: खोटा ड्रम ही शोभेची वस्तू समजली जाते. वस्तुतः तो हब (चाक ज्यावर बसते तो फिरता मधला भाग) आणि चाक यांच्यामध्ये आवळला जातो, डिस्कची उष्णता अडवतो आणि तपासणीच्या आड येतो. म्हणजे तो ब्रेकचाच एक भाग असतो, आणि ब्रेकच्या भागाला लावायचे सगळे निकष त्यालाही लावावे लागतात.

चाक नेमके कशावर बसले आहे?

खोट्या ड्रमच्या पुढच्या भिंतीची जी जाडी असेल तेवढे चाक बाहेर सरकते आणि तेवढाच स्टड (चाकाचा नट ज्यावर बसतो तो खिळा) आत हरवतो. नट पानाने घट्ट झाला म्हणजे काम झाले असे मानणे ही इथली सर्वांत धोक्याची चूक आहे, कारण तीन-चार आट्यांवर बसलेला नटही हाताला घट्टच लागतो. साधा नियम असा की स्टडचा जेवढा व्यास, तेवढी लांबी तरी नटाच्या आट्यांत गुंतलेली असावी. अर्धा इंची स्टडला इंचाला 20 आटे असतील, तर नट लागल्यापासून पक्का बसेपर्यंत किमान 10 फेरे झाले पाहिजेत. हे फेरे बोटांनी नट फिरवून मोजावेत; कमी भरल्यास लांब स्टड घालावेत. नट बदलून हा प्रश्न सुटत नाही.

दुसरी चूक रंगाची आहे. ड्रमच्या ज्या पृष्ठभागावर चाक टेकते, तिथे हौसेने जाड रंग किंवा पावडर कोटिंग चढवले जाते; उष्णतेने आणि दाबाने ते बसते, दबते, आणि घट्ट केलेले नट सैल होतात. टेकण्याच्या दोन्ही पृष्ठभागांवर उघडा, स्वच्छ धातू ठेवावा, नट टॉर्क रेंचनेच आवळावेत आणि पहिल्या 50 मैलांनंतर पुन्हा तपासावेत. 1940 च्या फोर्डच्या चाकाला साडेपाच इंची वर्तुळावर पाच छिद्रे असतात आणि डिस्क ज्या आधुनिक गाडीची आहे तिची छिद्रे बहुधा निराळ्या वर्तुळावर असतात, हे खरेदीच्या आधीच पाहावे. छिद्रे लांबट करून भागवणारा माणूस भेटतोच; त्याचे ऐकू नये.

झाकलेल्या डिस्कची उष्णता

सुमारे 1,100 किलो वजनाची गाडी ताशी 60 मैलांवरून एकदा थांबवली की साधारण 395 किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत उतरते. एवढ्या उष्णतेत लिटरभराहून अधिक गार पाणी उकळीला येईल. हा भार चारही चाकांवर वाटला जातो हे खरे, परंतु मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर येतो, आणि त्याच तर आपण झाकलेल्या असतात. मूळ ब्यूइक ड्रममध्ये लोखंडी अस्तर ॲल्युमिनियमला जोडलेले असल्याने उष्णता थेट पंखांपर्यंत पोहोचत असे. खोट्या ड्रममध्ये डिस्क आणि पंख यांच्यामध्ये हवेची पोकळी असते, त्यामुळे पंख फक्त दिसायला असतात. पोकळीतली हवा हलती राहील अशी वाट ठेवली नाही, तर उष्णता कॅलिपरमधून ब्रेक ऑइलमध्ये उतरते. डॉट 3 प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो, पण त्यात ओलावा मुरला की ही मर्यादा 140 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. उतारावर चार-पाच वेळा जोरात ब्रेक लावल्यानंतर पेडल एकाएकी खोल जात असेल आणि गाडी थंड झाल्यावर पूर्ववत होत असेल, तर ऑइल उकळत आहे असे समजावे.

यावर उपाय त्या काळातच सापडतो. बॅकिंग प्लेटवर पुढे तोंड केलेले हवेचे चोंगे शर्यतीच्या गाड्यांवर असतच. तेच लावावेत आणि त्यांच्यामागे प्लेटला खरोखरच छिद्र पाडावे. मी पाहिलेल्या कित्येक गाड्यांवर चोंग्याला सुबक जाळी होती आणि जाळीमागे अखंड पत्रा.

पेडल बोलते, ते ऐकावे

सर्वाधिक वेळ वाया जातो तो हायड्रॉलिक भागात. ड्रममधले शू (घर्षणाच्या पट्ट्या लावलेले भाग) फिरत्या ड्रमबरोबर ओढले जाऊन स्वतःच अधिक घट्ट होतात. डिस्कला ही मदत नसते, म्हणून तिला जास्त दाब लागतो. तरीही पुष्कळ लोक जुना मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग) तसाच ठेवतात. पायाने 100 पौंड जोर लावला आणि पेडलचे गुणोत्तर 6 असले, तर पिस्टनवर 600 पौंड जोर येतो. एक पूर्णांक एक अष्टमांश इंची पिस्टन असेल, तर दाब दर चौरस इंचाला सुमारे 600 पौंड भरतो. एक इंची पिस्टनला तो सुमारे 760, आणि सात अष्टमांश इंचीला जवळजवळ 1,000 होतो. पेडल दगडासारखे कडक आणि गाडी थांबायला मात्र नाराज, अशी तक्रार असेल तर पॅड बदलण्यापूर्वी हा व्यास मोजावा. लहान पिस्टनला पेडलचा प्रवास वाढतो, याचा हिशेबही त्याच वेळी करावा.

या गाड्यांत मास्टर सिलिंडर फळीखाली, म्हणजे कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असतो. गाडी उभी असताना ऑइल मागे ओघळते आणि पहिल्या दाबाला पेडल रिकामे जाते. त्यासाठी डिस्कच्या लाइनमध्ये 2 पौंड दाब राखणारा व्हॉल्व्ह लावतात. ड्रमसाठीचा व्हॉल्व्ह 10 पौंडांचा असतो आणि जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये तो बहुधा आतच बसवलेला असतो. तो राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात. खात्री करण्यासाठी फेरी मारून आल्यावर पुढचे चाक जॅकवर उचलावे आणि हाताने फिरवून पाहावे. जड फिरत असेल तर एअर काढायचे निपल क्षणभर सैल करावे. चाक तत्काळ मोकळे झाले तर दाब अडकला आहे: आधी पेडलच्या दांड्याला किंचित मोकळीक आहे का ते पाहावे, नंतर व्हॉल्व्ह तपासावा. निपल सोडूनही चाक जडच राहिले, तर दोष कॅलिपरच्या सरकण्यात किंवा बेअरिंगच्या कसण्यात आहे.

एका रोडस्टरवर आम्ही दोघे दोन संध्याकाळी एअर काढत बसलो होतो. ऑइलच्या बाटल्या संपल्या, पेडल मात्र ओल्या स्पंजासारखेच. शेवटी कंटाळून डावी बॅकिंग प्लेट उतरवली, तेव्हा कळले की कॅलिपर लपवण्यासाठी ॲक्सलच्या मागच्या बाजूला नेताना डावा-उजवा बदलला गेला होता आणि निपल सर्वांत खाली आले होते. हवा वर साठलेली आणि आम्ही खालून ऑइल काढत होतो. कॅलिपर अदलाबदल केल्यावर पंधरा मिनिटांत काम झाले. प्लेट नसती तर ही चूक पहिल्या नजरेत दिसली असती. म्हणून प्लेटला निपलपाशी आणि पॅडपाशी झाकणासह तपासणीची खिडकी ठेवणे मी आता अनिवार्य मानतो.

नजरेला खटकणाऱ्या गोष्टी

सोंग बाजूने तपासले जाते, पण मडगार्ड नसलेली गाडी लोक समोरून पाहतात. समोरून दिसतो तो रबरी होज पाइप, त्याची जोडणी आणि प्लेटची कड. रंगीत जोडण्यांचा चकचकीत स्टीलच्या विणीचा होज सगळे उघड करतो. तिथे काळा रबरी होज लावावा, मात्र स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून आणि ॲक्सल लोंबकळत ठेवून तो कुठे ताणला जात नाही ना, हे पाहावे. डिस्कची कड आणि मधला उंचवटा उष्णतारोधक काळ्या रंगाने झाकता येतो. पॅड जिथे टेकतात तिथे रंगाचा थेंबही नको.

मागे ड्रमच राहू द्यावेत. ब्रेक लावताच मागची चाके आधी अडकत असतील, तर मागच्या लाइनमध्ये दाब कमी-जास्त करता येणारा व्हॉल्व्ह लागेल. पुढे जुन्या पद्धतीचे अरुंद टायर असतील, तर थांबण्याचे अंतर शेवटी टायरच ठरवतात, आणि नीट जुळवलेले लिंकनचे 12 इंची ड्रम त्या टायरना सहज पुरे पडतात, हे माझे मत अनेकांना आवडत नाही.

पहिली चाचणी खोटे ड्रम आणि प्लेटा न लावता, मोकळ्या रस्त्यावर घ्यावी. दहा वेळा थांबून दोन्ही हबांचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजावे, मग सोंग चढवून तीच फेरी पुन्हा मारावी. दोन आकड्यांत मोठा फरक पडला, तर चोंग्यामागचे छिद्र अजून लहान आहे.