तरंगत्या जलमग्न रस्ताबोगद्याचा प्राथमिक आराखडा कसा करावा

पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीस-तीस मीटरवर, तळाला न टेकता अधांतरी राहणारा रस्ताबोगदा जगात अजून कोठेही बांधला गेलेला नाही. त्यामुळे असा आराखडा हाती घेताना पहिला प्रश्न 'तो कसा बांधावा' हा नसून 'येथे दुसरा कोणता मार्ग उरला आहे का' हा असावा. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्याने क्रिस्तियान्सान्ड ते ट्रॉनहाइम जाणाऱ्या ई-३९ महामार्गावरील सोग्नेफ्योर्ड (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची खोल, अरुंद खाडी) हे यासाठी सर्वांत चांगले उदाहरण आहे. लाविक आणि ओपेडाल यांच्यामधील पाणी सुमारे ३.७ किलोमीटर रुंद आणि सुमारे १२५० मीटर खोल आहे. समुद्रतळाखालच्या खडकातून जायचे तर ५ टक्के उताराने केवळ तेवढी खोली गाठण्यासाठीच प्रत्येक बाजूला २५ किलोमीटर रस्ता लागेल. झुलत्या पुलाचा विचार करावा, तर २०२२ साली खुल्या झालेल्या तुर्कस्तानातील चनाक्कले पुलाचा मुख्य गाळा (दोन मनोऱ्यांमधील अंतर) २०२३ मीटरचा, म्हणजे येथे लागणाऱ्या ३.७ किलोमीटरहून खूपच कमी आहे. हे दोन्ही पर्याय असे आकड्यांनी बाद झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्यानंतर सर्वप्रथम वजनाचा हिशेब मांडावा, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर अवलंबून असतो. समजा, काँक्रीटच्या नळीचा बाहेरचा व्यास १२ मीटर आणि भिंतीची जाडी १ मीटर आहे. अशी नळी दर मीटर लांबीला सुमारे ११३ घनमीटर समुद्राचे पाणी बाजूला सारते, म्हणजे तिच्यावरील प्लावक बल (पाण्याचा वर उचलणारा जोर) दर मीटरला सुमारे ११६ टन होते. भिंतीचे वजन सुमारे ८६ टन भरते. रस्त्याचा स्लॅब, यंत्रणा आणि स्थिर भार (नळी जड करण्यासाठी मुद्दाम घातलेले वजन) मिळून आणखी १० टन धरले, तरी नळी दर मीटरला सुमारे २० टनांनी वर उचलली जाते. आकडा सोपा दिसतो, पण तो स्थिर राहत नाही, ही गोष्ट नवख्या अभियंत्याच्या नजरेतून हमखास सुटते. फ्योर्डच्या वरच्या थरात नद्यांचे आणि वितळलेल्या बर्फाचे गोडे पाणी मिसळते. पाणी पूर्ण गोडे झाले असे मानले, तर प्लावक बल दर मीटरला जवळजवळ ३ टनांनी घटते, आणि एका किलोमीटरला हा फरक सुमारे २८०० टनांचा होतो. त्यात वर्षानुवर्षे चिकटत जाणारे शिंपले, काँक्रीटने शोषलेले पाणी आणि एकामागोमाग उभ्या राहिलेल्या मालमोटारींची रांग मिळवावी. या सर्वांची सर्वांत प्रतिकूल बेरीज करून मगच स्थिर भार ठरवावा आणि तो नंतर कमीजास्त करता येईल अशी सोय ठेवावी.

नळी जागेवर धरण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिल्यात ती प्लावक बलापेक्षा किंचित जड ठेवून पृष्ठभागावरील पाँटूनांना (तरंगत्या पोकळ आधारांना) टांगतात. दुसऱ्यात ती हलकी ठेवून तळाशी बांधलेल्या पोलादी तणाव्यांनी खाली ओढून धरतात. वरच्या उदाहरणात दर १०० मीटरवर तणाव्यांची जोडी दिली, तर प्रत्येक जोडीला सुमारे २००० टन ओढ सतत पेलावी लागेल. ही ओढ लाटांच्या कोणत्याही क्षणी शून्यावर येता कामा नये, कारण सैल पडलेला तणावा पुन्हा ताणला जाताना बसणारा झटका जोडाला तोडू शकतो. उत्तर समुद्रातील स्नोर्रे आणि नॉर्वेजियन समुद्रातील हायद्रुन या तेलफलाटांमुळे ही पद्धत तीनशे-साडेतीनशे मीटर खोलीत नॉर्वेच्या अभियंत्यांच्या परिचयाची आहे. सोग्नेफ्योर्डच्या खोलीसाठी मात्र २०१२ च्या व्यवहार्यता अभ्यासात पाँटूनांना टांगलेल्या दोन जुळ्या, वक्र नळ्या सुचवल्या गेल्या, आणि माझ्या मते ती निवड योग्य होती.

खोली ठरवताना केवळ लाटेची उंची पाहू नये, तिचा आवर्तनकाळही (एका लाटेनंतर दुसरी येईपर्यंतचा वेळ) पाहावा. ६ सेकंदांच्या वाऱ्याच्या लाटेची लांबी सुमारे ५६ मीटर असते, आणि ३० मीटर खाली तिची हालचाल पृष्ठभागाच्या जेमतेम ३ टक्के उरते. १२ सेकंदांचा दूरवरून आलेला समुद्री फुगारा मात्र सुमारे २२५ मीटर लांबीचा असतो आणि त्याच खोलीवर त्याची ४० टक्क्यांहून अधिक हालचाल शिल्लक असते. म्हणून खुल्या समुद्राकडे तोंड असलेल्या जागी वादळाच्या नोंदींपेक्षा फुगाऱ्याच्या नोंदी अधिक काळजीने गोळा कराव्यात. प्रवाहाचाही असाच विचार करावा: सेकंदाला १ मीटर वाहणारे पाणी १२ मीटर व्यासाच्या नळीमागे साधारण मिनिटाला एक भोवरा सोडते, आणि लांब, लवचीक बोगद्याचा आडवा स्वाभाविक आवर्तनकाळ त्याच्या आसपास आला तर अनुनाद होऊन हेलकावे वाढत जातात. एक मीटर जाडीच्या तणाव्यामागे हेच भोवरे दर ५ सेकंदांनी सुटतात; तेथे प्रश्न हेलकाव्यांचा कमी आणि धातूच्या थकव्याचा अधिक असतो.

नळी सरळ न ठेवता आडव्या प्रतलात कमानीसारखी वाकवावी. बर्गन परिसरातील नॉर्डहोर्डलान्ड पूल १९९४ पासून बाजूच्या नांगरांशिवाय याच तत्त्वावर तरंगत उभा आहे. कमान प्रवाहाचा जोर दोन्ही काठांकडे पोहोचवते आणि तापमानाने होणारे आकुंचन-प्रसरण पोटात घेते. दोन नळ्या आडव्या जोडमार्गांनी बांधल्या, तर त्या छपराच्या कैचीसारख्या एकत्र काम करतात आणि आग लागल्यास माणसांना शेजारच्या नळीत निसटता येते. काठाशी, जेथे हलणारी नळी न हलणाऱ्या खडकाला मिळते, तेथे सर्वाधिक वाक येतो; या जोडाचा आराखडा शेवटी उरकण्याऐवजी प्रारंभीच करावा.

अपघातांचा विचार कठोरपणे करावा. जहाज पाँटूनवर आदळले, तर पाँटून तुटून बाजूला व्हावा आणि नळी शाबूत राहावी, यासाठी त्या दोहोंतील जोड मुद्दाम कमजोर ठेवावा. मग एक पाँटून गमावूनही उरलेले भार पेलतात का, हे तपासावे. तणाव्यांच्या रचनेत आतील पोकळीचा सुमारे चौथा भाग पाण्याने भरला, की जादा उचल संपते. म्हणून गळती त्या मर्यादेपर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागतो आणि तेवढ्यात बोगदा रिकामा होतो का, हे मोजावे. १९९९ मध्ये माँ ब्लांच्या बोगद्यातील आगीत ३९ माणसे दगावली, आणि तेथे भोवती डोंगर होता. येथे तापलेल्या काँक्रीटच्या पलीकडे समुद्र असतो, त्यामुळे काँक्रीटचे कवच उष्णतेने फुटून उडू नये यासाठी त्यात पॉलिप्रॉपिलीनचे तंतू घालणे आणि आतून अग्निरोधक थर देणे यांत काटकसर करू नये.

बांधणीसाठी नळीचे भाग सुक्या गोदीत ओतावेत, दोन्ही तोंडे तात्पुरत्या भिंतींनी बंद करून पाण्यावर तरंगवावेत आणि आडोशाच्या पाण्यात एकमेकांना जोडावेत. पाण्याखाली शेवटचा जोड करताना दोन भिंतींमधील पाणी उपसले, की ३० मीटर खोलीचा दाब नळीच्या टोकावर सुमारे ३५०० टन जोर देतो आणि फट बुजवणारे रबरी गॅस्केट दाबून बसवतो. बुडवून बसवलेल्या बोगद्यांत ही रीत मुरलेली आहे. तेथे मात्र तळ आधाराला असतो. येथे दोन्ही टोके हलती असल्याने ती आधी तात्पुरत्या चौकटीने एकमेकांना धरून ठेवावीत, फुगारा शांत असण्याचा सलग अवधी हवामानाच्या नोंदींवरून निवडावा आणि गॅस्केट सर्व बाजूंनी सारखे दबल्याची मोजणी होईपर्यंत तात्पुरत्या भिंती काढू नयेत.