सर्टिफिकेट सर्व्हरवरून वेब एनरोलमेंट कसं काढायचं

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याचं नेटवर्क मी सांभाळते. विंडोजच्या सर्टिफिकेट सर्व्हरवर, म्हणजे नेटवर्कमधल्या मशीनना आणि माणसांना डिजिटल ओळखपत्रं देणाऱ्या सर्व्हरवर, वेब एनरोलमेंट (ब्राउझरमधून सर्टिफिकेट मागायचं पान) विनाकारण चालू असेल तर ते काढाच, असं मी प्रत्येकाला सांगते. २०२१ मध्ये पेटिटपोटॅम हल्ला उघड झाला. डोमेन कंट्रोलरला (नेटवर्कमधली सगळी लॉगिन सांभाळणाऱ्या मुख्य सर्व्हरला) फसवून त्याची एनटीएलएम ओळख (एनटीएलएम ही विंडोजची ओळख पटवायची जुनी पद्धत) या पानाकडे वळवायची आणि त्याच्याच नावाचं सर्टिफिकेट मिळवायचं, असा तो प्रकार. तसं सर्टिफिकेट हाती लागलं की अख्खं डोमेन गेलं म्हणून समजा.

पण आधी बघा, ते पान अजून कोण वापरतंय. पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडा (आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप इंग्रजीत करा):

सिलेक्ट-स्ट्रिंग -पाथ सी:\आयनेटपब\लॉग्ज\लॉगफाइल्स\डब्ल्यू३एसव्हीसी१\*.लॉग -पॅटर्न सर्टएसआरव्ही

सर्टएसआरव्ही हा त्या पानाचा पत्ता. आयआयएसच्या (हे पान चालवणाऱ्या विंडोजच्या वेब सर्व्हरच्या) लॉगमधली वेळ यूटीसी असते. ओळीत ०४:४५ दिसलं तर आपल्या नागपुरात तेव्हा सकाळचे सव्वादहा वाजलेले होते, म्हणजे पहिल्या पाळीतलंच कोणीतरी. त्या ओळीतला आयपी पत्ता धरून माणूस शोधा. बहुतेक वेळा एखादा लिनक्स सर्व्हर किंवा स्विच सांभाळणारा भाऊ ब्राउझरमधून सर्टिफिकेट मागत असतो. त्याला विंडोजच्या सर्टरेक आज्ञेने विनंती पाठवायला शिकवा, मगच पुढे जा. न सांगता काढलं तर त्याचं सर्टिफिकेट संपेल त्या दिवशी सगळे तुमच्याच टेबलाभोवती जमतील.

दुसरी तपासणी रद्द-यादीची, म्हणजे रद्द केलेल्या सर्टिफिकेटांच्या यादीची, सीआरएलची. वाटलेल्या एखाद्या सर्टिफिकेटची फाइल घ्या:

सर्टयुटिल -व्हेरिफाय -यूआरएलफेच नमुना.सर

यादीचा पत्ता याच सर्व्हरच्या सर्टएनरोल फोल्डरकडे जात असेल तर तो लिहून ठेवा, शेवटी लागेल.

आता बॅकअप. ‘सर्टयुटिल -बॅकअप डी:\सीएबॅकअप’ने डेटाबेस आणि खासगी किल्ली येते, रजिस्ट्री येत नाही. सर्टएसव्हीसी सेवेखालची कॉन्फिगरेशन की ‘रेग एक्सपोर्ट’ने वेगळी काढा.

काढायचं काम दोन टप्प्यांत होतं आणि बरेच जण पहिलाच टप्पा गाळतात. आधी मांडणी मोडायची:

अनइन्स्टॉल-एडीसीएसवेबएनरोलमेंट -फोर्स

मग प्रोग्राम काढायचा:

अनइन्स्टॉल-विंडोजफीचर एडीसीएस-वेब-एनरोलमेंट

इथे मॅनेजमेंट टूल्स काढायचा पर्याय जोडू नका. सीए (सर्टिफिकेशन अथॉरिटी, म्हणजे सर्टिफिकेटं देणारी मूळ सेवा) याच मशीनवर राहणार आहे, त्याला ती लागतात. रीस्टार्ट मागितला तर पाळी सुटल्यावर द्या.

नंतर ‘गेट-विंडोजफीचर एडीसीएस*’ चालवा. वेब एनरोलमेंटसमोरची खूण गेलेली आणि सर्टिफिकेशन अथॉरिटीसमोरची तशीच हवी. ‘सर्टयुटिल -पिंग’ला सीए उत्तर देतो का बघा. लिहून ठेवलेला रद्द-यादीचा पत्ता दुसऱ्या कॉम्प्युटरवरून उघडा. उघडत नसेल तर आयआयएसमध्ये सर्टएनरोलची व्हर्च्युअल डिरेक्टरी हाताने परत जोडा. यादी वाटायची आहे तोवर आयआयएसला हात लावू नका.

पुढे कधी सीएसुद्धा काढायचा झाला तर बाकीच्या सेवा आधी काढा, तो सगळ्यात शेवटी. त्याआधी नको असलेली सर्टिफिकेटं रद्द करा, सीआरएलची मुदत भरपूर वाढवा आणि ‘सर्टयुटिल -सीआरएल’ने नवी यादी प्रसिद्ध करा.