एकदा वापरून फेकण्याच्या वस्तूंना घरातूनच पर्याय

एक आठवडा कचऱ्याच्या डब्याशेजारी कागद-पेन्सिल ठेवा. एकदाच वापरलेली वस्तू टाकताना तिच्या नावापुढे एक रेघ ओढायची: कागदी रुमाल, पिशवी, अन्नावर गुंडाळायची पातळ फिल्म, बाटली, रेझर, सेल. आठवडा संपला की ज्या तीन नावांपुढे सर्वांत जास्त रेघा असतील, तिथून सुरुवात करा. एकदम दहा वस्तू बदलायला गेलं की दोन आठवड्यांत सगळंच बारगळतं.

पर्याय म्हणून नवं काही विकत आणायची घाई नको. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८ साली खरेदीच्या पिशव्यांचा हिशोब मांडला. प्लॅस्टिकची पिशवी शेवटी कचऱ्याच्या डब्यात अस्तर म्हणून वापरली जाते, हे त्यात धरलं होतं. तिच्या तुलनेत साधी सुती पिशवी केवळ हवामानाच्या निकषावर बरोबरीला यायलाच किमान ५२ वेळा वापरावी लागते, आणि सगळे निकष धरले तर ७१०० वेळा. सेंद्रिय कापसाचे आकडे याहून जास्त, १४९ आणि २०,०००. एक कारण म्हणजे त्या हिशोबात सेंद्रिय कापसाचं उत्पन्न कमी धरलं होतं. तेव्हा घरात असलेली पिशवी फाटेस्तोवर वापरा, फाटली तर शिवा. पिशवी विसरलो म्हणून दर वेळी नवी कापडी घेत राहिलात, तर या सगळ्यावर पाणी पडतं. एक घडी करून रोजच्या बॅगेत कायमची ठेवून द्या.

कागदी रुमालाऐवजी फडकी

सर्वांत मोठा आणि सर्वांत स्वस्त फरक इथे पडतो. जुनी सुती चादर, उशीचे अभ्रे, विरलेले टॉवेल, होजियरीचे टी-शर्ट काढा. कापण्याआधी प्रत्येकावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. सुती कापडात थेंब लगेच जिरतो आणि ओला ठिपका पसरत जातो. पॉलिएस्टर जास्त असेल तर तो मण्यासारखा वर बसून राहतो, कापड तिरपं केलं की घरंगळतो. असं कापड पाणी पुसत नाही, नुसतं इकडून तिकडे ढकलतं. ते धूळ झटकायला ठेवा.

१५० × २२० सेंमीच्या चादरीतून ३० सेंमीचे ३५ चौकोन निघतात. चादरीसारख्या मागावर विणलेल्या कापडाच्या कडा उसवतात, म्हणून १ सेंमी दुमडून टीप मारा किंवा नागमोडी कात्रीने कापा. टी-शर्टच्या कापडाला काहीच करावं लागत नाही, कडा फक्त थोड्या गुंडाळल्या जातात. निदान २५ फडकी हवीत आणि ती कागदी रुमाल ठेवायच्या जागीच हवीत. दहाच केली की तिसऱ्या दिवशी सगळी धुण्यात असतात आणि हात पुन्हा कागदाकडे वळतो.

वापरलेलं ओलं फडकं झाकणाच्या बादलीत कोंबू नका. वास येतो आणि काळे बुरशीचे ठिपके पडतात, ते नंतर निघत नाहीत. आधी काठावर वाळत घाला, मग टोपलीत टाका. वास बसलाच तर लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा. कपडे मऊ करणारं द्रव्य मात्र वापरू नका, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि फडकं पाणी शोषेनासं होतं. कच्च्या मांसाचं पाणी पुसलेली फडकी वेगळी ठेवून ६० अंशांवर धुवा. लाकडाला जवसाचं तेल लावलेलं फडकं कधीही चुरगळून टाकू नका: ते तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ते बाहेर मोकळ्यावर, सपाट पसरून पूर्ण वाळवा.

प्लॅस्टिकच्या फिल्मऐवजी मेणकापड

वाडग्यावर झाकायला ताटली पुरते, तिथे मेणकापडाचा खटाटोप नको. कापलेलं फळ, पाव किंवा चीज गुंडाळायला मात्र ते उत्तम. ३० × ३० सेंमीच्या पातळ, धुतलेल्या सुती तुकड्याला १५ ग्रॅम मधमाशांचं मेण, ४ ग्रॅम राळेची पूड आणि ५ मिली खोबरेल किंवा जोजोबा तेल लागतं. राळेमुळे कापड स्वतःला चिकटतं, तेलामुळे लवचीक राहतं. नुसत्या मेणाचं कापड घडीवर तडकतं आणि मेणाचे पापुद्रे अन्नात पडतात.

मेण साधारण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, राळेला जास्त उष्णता लागते. जुन्या डब्यात तिन्ही घालून तो डबा उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवा आणि राळ पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. थेट आचेवर कधीच नाही, मेण पेट घेतं. बेकिंगच्या कागदावर कापड पसरा, मिश्रण ब्रशने लावा, वर दुसरा कागद ठेवून मध्यम गरम इस्त्री मधून कडांकडे फिरवा. मेण भिजत पुढे सरकताना कापड गडद होत जातं. जिथे फिकट ठिपका राहील तिथे मेण पोचलेलं नाही. कडांतून मेण बाहेर आलं तर ते जास्त झालंय, तिथे दुसरा कोरडा तुकडा टेकवून टिपून घ्या. मग दोन कोपरे धरून अर्धा मिनिट हवेत हलवलं की ते घट्ट होतं. मेणाचा डबा सिंकमध्ये धुऊ नका, गरम असतानाच फडक्याने पुसा. नळीत गेलेलं मेण थंड होऊन बसतं.

या कापडात गरम पदार्थ ठेवायचे नाहीत, मेण वितळतं. कच्चं मांस आणि मासेही नाहीत. कारण हे कापड गरम पाण्याने धुता येत नाही, गार पाणी आणि सौम्य साबण एवढंच चालतं. काही महिन्यांनी चिकटपणा गेला की वर ३-४ ग्रॅम मेण किसून पुन्हा इस्त्री फिरवा.

बरण्या आणि बाटल्या

काचेच्या बरणीचं लेबल गरम पाण्यात भिजवून निघालं नाही, तर त्याचा गोंद पाण्यात विरघळणारा नाही. खाण्याचं तेल आणि खाण्याचा सोडा सारखा घेऊन लेप लावा, अर्ध्या तासाने घासा. फ्रीझरमध्ये ठेवताना वर ३ सेंमी जागा सोडा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि खांदे असलेली बरणी नेमकी तिथेच फुटते. म्हणून सरळ भिंतीची बरणी घ्या. गार बरणीत उकळतं काही ओतू नका.

पाण्याच्या पातळ प्लॅस्टिक बाटल्या गरम पेयांसाठी नाहीत, आणि त्यांत फिनेल किंवा कुठलंही रसायन भरून ठेवणं धोक्याचं आहे. कोणीतरी पाणी समजून पितं.

हात धुण्याच्या द्रव साबणाची बाटली पुन्हा भरताना उरलेल्या साबणावर नवा ओतू नका, त्यात जंतू वाढतात. रिकामी करा, धुवा, वाळवा, मग भरा. फेसाच्या पंपासाठी एक भाग साबण आणि चार भाग पाणी घ्या. दाट मिश्रणाने पंप तुंबतो.

पाळीच्या वस्तू

कापडी पॅड आधी गार पाण्यात भिजवा, गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं गोठून डाग कायमचा बसतो. सिलिकॉनचा कप जास्तीत जास्त १२ तासांत रिकामा करायचा आणि पाळी संपल्यावर उकळायचा. कप भांड्याच्या तापलेल्या तळाला टेकून राहिला तर करपून खराब होतो, म्हणून पाणी भरपूर घ्या.

सेल

चार्ज होणारे सेल सगळीकडे परवडत नाहीत. भिंतीवरचं घड्याळ किंवा रिमोट इतकी कमी वीज घेतात की साधा अल्कलाइन सेल तिथे वर्षभर किंवा जास्तच टिकतो. खेळणी, टॉर्च, कॅमेऱ्याचा फ्लॅश, वायरलेस माउस यांना मात्र निकेल मेटल हायड्राइडचे घ्या, आणि ठेवून दिल्यावरही चार्ज टिकवणारे बघून घ्या. त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असल्याने काही उपकरणं ‘बॅटरी कमी’ असं लवकर दाखवतात, तो दोष सेलचा नसतो. एका उपकरणात जुने-नवे सेल मिसळू नका, कमी ताकदीचा सेल पूर्ण उतरून उलटा चार्ज होतो आणि खराब होतो. जोडी ठरवून त्यावर पेनने खूण करा. अल्कलाइन सेल चार्जरमध्ये घालू नका, तो गळतो किंवा फुटतो. धुराच्या अलार्ममध्ये उत्पादकाने सांगितलेलाच सेल घाला.