पेपर वाचताना हाताशी पेन ठेवा

"ताई, चार हजाराला कांदा गेला असं छापलंय तुम्ही. कुणाचा गेला तेवढं सांगा. माझा अठराशेनं गेला."

सकाळचे साडेसात वाजले होते, फोन निफाड तालुक्यातून होता. आदल्या रात्री डेस्कवर बसून ते शीर्षक मीच दिलं होतं. आकडा खरा होता. लासलगावच्या लिलावात एका ट्रॉलीला क्विंटलमागे तो भाव मिळाला होता. बाकीचा माल मात्र त्याच्या निम्म्याच्या आसपास विकला गेला होता, आणि ते बातमीच्या शेवटच्या ओळीत होतं. फोनवरचा माणूस चिडलेला नव्हता. त्याच्या भावानं शीर्षक वाचून कांदा साठवायची चाळ फोडली होती आणि पिकअप भरायला घेतली होती, एवढंच त्याला सांगायचं होतं.

मी तेवीस वर्षं नाशिकमध्ये बातम्या लिहिते आणि तपासते. त्या फोननंतर मी शीर्षक द्यायची पद्धत बदलली आणि पेपर वाचायचीही. कोणता पेपर घ्यावा, असं लोक मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. घरी येतो तोच घ्या. पण वाचताना हाताशी पेन ठेवा. त्या पेनानं काय करायचं, ते सांगते.

आधी भावाची बातमी

बाजार समिती रोज तीन भाव देते: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. शीर्षकात बहुतेक वेळा कमाल भाव जातो, कारण तो डोळ्यात भरतो. तुम्ही सर्वसाधारण भाव शोधा आणि त्याच्याखाली रेघ ओढा. तो सापडला नाही, तर ती बातमी भावाची नाही, एका ट्रॉलीची आहे. मग आवक पाहा. भाव चढलाय आणि आवक निम्म्यावर आलीय, तर विकायला माल कुणाकडे उरलाय हा प्रश्न येतो. तिसरी गोष्ट, कांदा कोणता. लाल कांदा टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने राहतो. दोघांची बातमी एका वाक्यात आली तर ती वाचून काही ठरवू नका.

कांद्याच्या बातमीत राजकारण असतंच, आणि ते ओळखायची माझी एक साधी रीत आहे: तारखेशेजारी तारीख लिहायची. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं कांद्यावर निर्यातबंदी घातली. ४ मे २०२४ ला ती उठवली. "निर्यातबंदी उठली" हे शीर्षक सगळ्यांनी वाचलं. खाली लिहिलं होतं की टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य राहील, म्हणजे त्याहून स्वस्तात कांदा परदेशी विकता येणार नाही, आणि वर ४० टक्के निर्यातशुल्क. म्हणजे दार उघडलं, पण उंबरठा उंच ठेवला. त्या दिवशी मी समासात लिहिलं, "२० मे". दिंडोरी आणि नाशिकचं मतदान त्या दिवशी होतं. मी कुणाच्या मनातला हेतू सांगत नाही. तो कुणालाच दिसत नसतो. तारखा मात्र दिसतात, आणि त्या शेजारी शेजारी मांडायचा हक्क वाचकाला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान निर्यातमूल्य काढलं गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. ज्यानं समासात तारखा लिहून ठेवल्या त्याला ही सगळी गोष्ट एका पानावर वाचता येते. ज्यानं नाही लिहिल्या त्याच्यासाठी त्या चार सुट्या बातम्या होत्या.

"मंजूर" म्हणजे काय मंजूर

राजकीय बातम्यांत सगळ्यात जास्त फसवणारा शब्द हाच. रस्ता मंजूर, पूल मंजूर, जलकुंभ मंजूर. सरकारी कामाच्या पायऱ्या अशा असतात: प्रस्ताव, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश, मग प्रत्यक्ष काम आणि शेवटी देयक म्हणजे बिल. यातल्या कुठल्याही पायरीवर "मंजूर" म्हणता येतं, आणि प्रत्येक पायरीवर एक फोटो निघतो. एकच रस्ता तीन वर्षांत चार वेळा मंजूर झालेला मी स्वतः छापलाय. दर वेळी प्रेसनोट आली, दर वेळी मी पायरी विचारली नाही.

आता बातमीत "मंजूर" दिसलं की पेनानं वर पायरी लिहा. बातमीत ती नसेल तर प्रश्नचिन्ह काढा. निधीचंही तसंच. तरतूद झाली, मंजूर झाला, वितरित झाला, खर्च झाला, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. तरतूद म्हणजे घरखर्चाच्या वहीत "दिवाळीला फ्रिज" असं लिहिणं. फ्रिज अजून दुकानात असतो.

कोण बोललं तेही पाहा. "सूत्रांनी सांगितलं" हे चुकीचं नसतं. कधी कधी नाव दिलं तर त्या माणसाची नोकरी जाते, आणि तरी बातमी बाहेर यायला हवी असते. पण सूत्र काय सांगतंय ते बघा. कागद दाखवत असेल तर त्याला किंमत आहे. कोण कुठल्या पक्षात जाणार, कोण नाराज आहे, असं सांगत असेल तर त्याला स्वतःला काहीतरी घडवून आणायचं असतं. अशी बातमी मी पंधरा दिवस शिळी करून मगच वाचते.

मार्च २०२२ मध्ये आपल्या महापालिकेची मुदत संपली आणि पुढे बराच काळ प्रशासकांचा कारभार राहिला. त्या काळात एक गोष्ट मला फार लागली. नगरसेवकांची महासभा नव्हती, त्यामुळे विरोधात उठून बोलणारा माणूस बातमीत नव्हता. प्रेसनोट यायची, छापली जायची. बातमीत दुसरी बाजू नसेल तर ती का नाही, एवढं स्वतःला विचारा. दर वेळी पत्रकाराचा आळस कारण नसतो. काही वेळा ती बाजू मांडायला सभागृहच नसतं.

पाण्याची बातमी वाचायला थोडं गणित लागतं

हे गणित अवघड नाही. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. हजार दलघफू, म्हणजे दशलक्ष घनफूट, झाले की एक टीएमसी. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८ लिटरपेक्षा थोडं जास्त. धरणातून १०,००० क्युसेकनं पूर्ण चोवीस तास पाणी सोडलं तर ०.८६ टीएमसी जातं. हा आकडा पाठ करून ठेवा, पावसाळाभर उपयोगी पडतो.

टक्क्यांपासून सावध राहा. गंगापूर धरण साडेपाच टीएमसीच्या आसपासचं आहे, जायकवाडी शंभराच्या वर. गंगापूरचे दहा टक्के आणि जायकवाडीचे दहा टक्के एका ओळीत छापले की ते सारखे दिसतात, आणि त्यावर लोक चौकात भांडतात.

पावसाळा संपला की आपल्याकडे "नाशिकचं पाणी पळवलं" अशी शीर्षकं येतात. त्याच दिवशी छत्रपती संभाजीनगरच्या आवृत्तीत "हक्काचं पाणी सुटणार" असं असतं. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट असते: समन्यायी पाणीवाटपाचा २००५ चा कायदा आणि जायकवाडीतला १५ ऑक्टोबरचा साठा. तो ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या बाजूच्या, म्हणजे नाशिककडच्या धरणांतून पाणी सोडायचा प्रश्न येतो. मी दर वर्षी त्या आठवड्यात मराठवाड्याची आवृत्ती मोबाइलवर उघडून वाचते आणि दोन्ही बातम्यांतली क्रियापदं वहीत समोरासमोर लिहिते. पळवलं, सुटलं, तोडलं, मिळालं. आकडे तेच असतात. माझी मावशी पैठणला राहते. तिच्या नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते मला ठाऊक आहे, म्हणून "पळवलं" हा शब्द माझ्या हातून आता लिहिला जात नाही. तुमचंही कुणी तिकडे असेल तर बातमी वाचून झाल्यावर त्यांना एक फोन करा.

पूर आला की आणखी एक काम वाढतं. गोदाकाठचे व्हिडिओ येतात, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गळ्याला पाणी, रामकुंडावरच्या टपऱ्या बुडालेल्या. त्यातले बरेचसे जुने असतात. २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ च्या पुराचे तुकडे अजून दर पावसाळ्यात फिरतात. व्हिडिओ थांबवा आणि मागचं फ्लेक्स वाचा, त्यावरच्या वाढदिवसाची तारीख किंवा नेत्याचं तेव्हाचं पद बहुधा दिसतं. घाटाची फरशी, खांब आज आहेत तसेच दिसतात का पाहा. मग गंगापूरमधून विसर्ग किती आणि होळकर पुलाखालून किती क्युसेक जातंय, हे दोन आकडे शोधा. दोन्ही आकडे हजार-दोन हजार असतील आणि व्हिडिओत मारुती बुडालेला असेल, तर तो आजचा नाही. खात्री नसेल तर पुढे पाठवू नका. पंचवटीतल्या एका आजीनं असाच जुना व्हिडिओ पाहून भर पावसात घर सोडलं होतं आणि पायऱ्यांवर घसरून तिचं मनगट मोडलं. दवाखान्यात ती मला म्हणाली, "मोबाइलमध्ये पाणी माझ्या ओट्यापर्यंत आलं होतं गं."

निवडणुकीच्या दिवसांत

बातमी आणि जाहिरात यांतली रेघ कशी पुसली जाते, हे महाराष्ट्रानं २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पाहिलं. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं २०१० मध्ये अहवाल दिला. तेव्हापासून निवडणूक आयोगानं जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती नेमायला सुरुवात केली. निवडणूक असली की आपल्या जिल्ह्यातही ती असते, आणि साधा मतदारसुद्धा तिच्याकडे तक्रार करू शकतो.

अशी बातमी ओळखायला दोन पेपर लागतात. मी एकदा दोन अंक शेजारी ठेवले. उमेदवाराच्या प्रचारफेरीचं वर्णन दोन्हींत शब्दशः एकच होतं, "औक्षण" या शब्दातली चूकसुद्धा दोन्हीकडे तीच. वार्ताहराचं नाव नव्हतं, विरोधी उमेदवाराचा उल्लेख नव्हता, गर्दीचा आकडा नव्हता. कोपऱ्यात "जाहिरात" हा शब्दही नव्हता. दोन पेपर घरी घेणं परवडत नसेल तर नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जा. १८४० पासूनची संस्था आहे ती.

वही

सगळ्यात महत्त्वाचं काम पेपर वाचून झाल्यावरचं. एक साधी दोनशे पानी वही घ्या. आपल्या प्रभागाची, गावाची जी बातमी पुढच्या तारखेचं आश्वासन देते तेवढीच कापून चिकटवा. शेजारी तीन गोष्टी लिहा: कुणी सांगितलं, काम कुठल्या पायरीवर आहे, कधी होणार. ती तारीख उलटली की पेपरला पत्र पाठवा. अंकाच्या तळाशी बारीक अक्षरात संपादकाचं नाव आणि पत्ता असतो, तो छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. पत्र चार ओळींचं असू द्या आणि जुन्या बातमीची तारीख त्यात घाला. तारीख घातलेलं पत्र डेस्कवर बाजूला सारता येत नाही. ते माझ्या टेबलावर येतं तेव्हा मला वार्ताहराला फोन करावाच लागतो.

पत्रानं झालं नाही तर माहितीचा अधिकार आहे. २००५ चा कायदा, दहा रुपये शुल्क, उत्तराला तीस दिवस. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. "काम का झालं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. "अमुक कामाच्या कार्यादेशाची प्रत द्यावी" असं लिहा. मागायचा तो कागद.

आमच्या इमारतीतले एक निवृत्त शिक्षक चार वर्षं अशी वही ठेवतात. आमच्या भागातल्या जलकुंभाची तीन कात्रणं त्यात आहेत, तिन्हींत तो मंजूर झालेला आहे. त्यातलं एक माझ्याच हाताखालून गेलेलं. मागच्या महिन्यात ते वही घेऊन महापालिकेच्या कार्यालयात गेले आणि टेबलावर तिन्ही पानं उघडून ठेवली. अभियंत्यानं फाइल मागवली. प्रशासकीय मान्यता झालीय, निविदा निघालेली नाही. सरांनी तिथेच चौथं पान काढलं, त्या दिवसाची तारीख टाकली, अभियंत्याचं पद लिहिलं, "निविदा बाकी" असं लिहिलं आणि खाली सही मागितली. सही मिळाली नाही. पुन्हा कधी येऊ, ते मिळालं: दिवाळीनंतरचा दुसरा सोमवार, अकरा वाजता. या वेळी मीही त्यांच्याबरोबर जाणार आहे.