पेस्ट वॅक्समध्ये कचरा गेलाय? वितळवायला घेण्याआधी या चुका टाळा

गाडी चमकवायच्या पेस्ट वॅक्सचा डबा हातातून निसटला आणि फरशीवर पालथा पडला, की पहिला सल्ला मिळतो तो ‘वितळव आणि गाळून घे’ हा. बहुतेक वेळा याची गरजच नसते. पेस्ट वॅक्स घट्ट असतं. माती, वाळू जिथे लागली तिथेच चिकटून बसते, आपणहून आत उतरत नाही. प्लास्टिकच्या पुट्टीपट्टीने किंवा जुन्या एटीएम कार्डाने वरचा २-३ मिलिमीटरचा थर सरळ खरवडून टाका, कार्ड दर वेळी पुसा, मग टॉर्च तिरका धरून पृष्ठभाग बघा. चिमूटभर वॅक्स अंगठा आणि तर्जनीत चोळा. कचकच लागली नाही तर काम झालं.

वितळवायची वेळ येते ती वेगळ्या कारणाने. वॅक्स लावायचा घाण झालेला अॅप्लिकेटर पॅड पुन्हा पुन्हा डब्यात फिरवला गेला आणि कचरा खोलवर मळला गेला, किंवा डबा उन्हात पातळ झालेला असतानाच त्यात धूळ पडली, तर नुसत्या खरवडण्याने भागत नाही.

त्याआधी एक खात्री करा. लाल किंवा काळी गाडी वॅक्स करताना पॅडला रंग लागतो आणि तो डब्यातही उतरतो. जुन्या गाड्यांवर, जिथे रंगावर क्लिअर कोट म्हणजे वेगळा पारदर्शक थर नसतो तिथे, हे हमखास होतं. काळ्या रबरी पट्ट्यांवरून पॅड गेला तरी वॅक्स काळपट दिसतं. हा नुसता रंग आहे, त्यात खर म्हणजे ओरखडे पाडणारे कण नाहीत, आणि तो गाळून निघणारही नाही. तेवढा डागाळलेला भाग काढून टाका आणि पुढे चला.

सगळ्यात धोकादायक चूक: डबा थेट आचेवर ठेवणे

पेस्ट वॅक्स म्हणजे निव्वळ मेण नव्हे. मेण पसरण्याइतकं मऊ राहावं म्हणून त्यात मिनरल टर्पेंटाइन किंवा नॅप्थासारखं सॉल्व्हंट म्हणजे मेण विरघळवणारा पातळ द्रव भरपूर घातलेलं असतं. अशा वॅक्समधलं कार्नुबा हे झाडापासून मिळणारं कडक मेण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं. मिनरल टर्पेंटाइनची वाफ मात्र ४० अंशांच्या आसपासच ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि हलका नॅप्था असेल तर खोलीच्या तापमानालाही. म्हणजे मेण पातळ होण्याच्या कितीतरी आधी डब्यावर पेटाऊ वाफ जमलेली असते. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत शेगडीपर्यंत, देवघरातल्या दिव्यापर्यंत जाते. त्यामुळे गॅस नको, मायक्रोवेव्ह नको, हीट गनही नको. स्वयंपाकघरात डबल बॉयलर मांडला आणि खालची आच चालू ठेवली, तर धोका तसाच राहतो.

रीत अशी. आधी डब्याचं वजन करून लिहून ठेवा, त्याचं काम पुढे लागेल. घरात पातेल्यात फक्त पाणी ८५-९० अंशांपर्यंत तापवा, आच बंद करा आणि पातेलं गच्चीवर किंवा अंगणात न्या. तिथे गेल्यावरच पाण्यात डबा ठेवा. पाणी डब्याच्या निम्म्या उंचीच्या वर नको. झाकण काढून नुसतं वर टेकवा. घट्ट बंद डबा तापवला तर आत दाब साठतो. जवळपास सिगारेट, उदबत्ती, काहीही पेटतं नको. पंधरा-वीस मिनिटांत वितळलं नाही तर पाणी बदला, पुन्हा तेवढंच गरम घ्या. घाई झाली म्हणून पातेलं परत शेगडीवर चढवायचं नाही. पेट घेतलाच तर वर झाकण सरकवा, पाणी ओतू नका.

डबा प्लास्टिकचा असेल तर तो थेट गरम पाण्यात ठेवू नका. बरेच पारदर्शक डबे ७०-७५ अंशांनाच मऊ पडून वाकडे होतात. वॅक्स चमच्याने काढून कोरड्या स्टीलच्या डब्यात घ्या. काचेची बरणी वापरायची तर ती आधी कोमट करून घ्या, नाहीतर तडकते.

कोणतं वॅक्स वितळवूच नये

‘क्लीनर वॅक्स’ म्हणून विकलं जातं त्यात घासणारी बारीक पूड मुद्दाम मिसळलेली असते. वितळलं की ती तळाशी बसते, आणि गाळून मिळतं ते वेगळंच वॅक्स. पाण्याचा अंश असलेली मलईसारखी वॅक्सही नकोत. थोडंसं वॅक्स पाण्यात कालवून बघा. पाणी दुधाळ झालं तर ते इमल्शन म्हणजे पाणी आणि मेण एकत्र घुसळलेलं मिश्रण आहे, तापवल्यावर फाटेल. सिरॅमिक किंवा पॉलिमर मिसळलेली वॅक्सही त्याच यादीत. इथे खरवडणं, नाहीतर डबा बदलणं, एवढंच हातात.

गाळणीवर भिस्त ठेवणे

रंगाच्या दुकानात मिळणारी कागदी कोनाची गाळणी साधारण १९० मायक्रॉनची असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). गाडीचा क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉन जाड असतो, आणि त्यावर ओरखडे पाडणारे कण या जाळीतून बिनदिक्कत खाली येतात. गाळणी काड्या, केस, पॅडचे तुकडे अडवते, त्याहून जास्त काही नाही. खरं काम वॅक्स निवळल्यावर होतं.

वाळूची घनता पाण्याच्या सुमारे २.६५ पट, वितळलेलं वॅक्स पाण्याहून हलकं. त्यामुळे खर खाली जातोच, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. पातळ झालेल्या वॅक्समध्ये ५० मायक्रॉनचा कण मिनिटा-दोन मिनिटांत तळ गाठतो. कणाचा आकार पाचपट लहान झाला की तो पंचवीसपट हळू उतरतो. म्हणून वॅक्स पूर्ण पातळ झाल्यावर आइस्क्रीमच्या काडीने एकदाच सावकाश ढवळा, म्हणजे गुठळ्यांत अडकलेला कचरा सुटेल, आणि मग अर्धा तास हात लावू नका. पाणी निवायला लागलं तर कडेने हळूच गरम पाणी ओता. मध्येच ढवळलं की बसलेला गाळ वर येतो आणि वेळ पुन्हा शून्यापासून मोजावा लागतो.

निवळलेलं वॅक्स दुसऱ्या कोमट, कोरड्या डब्यात ओता आणि तळाचं बोटाच्या पेराच्या निम्म्याइतकं वॅक्स मागेच राहू द्या. ते वाचवण्याचा मोह नडतो. ओतताना स्वच्छ नायलॉनचा पायमोजा ताणून धरलात तर उत्तम. सुती कापड नको, त्याचे धागे सुटतात. जाळी थंड असेल तर वॅक्स तिच्यातच गोठतं, म्हणून तीही कोमट हवी.

वॅक्स घट्ट असेल, वडीसारखं निघण्याजोगं, तर ओतूच नका. जागच्या जागी पूर्ण थंड होऊ द्या, डबा क्षणभर गरम पाण्यात बुडवून वडी पालथी काढा आणि खालचे ३-४ मिलिमीटर सुरीने कापून टाका. आत पाणी शिरलं असेल तर तेही इथेच सापडेल, कारण पाणी वॅक्सहून जड. पाणी उडवून टाकण्यासाठी वॅक्स उकळायचं नाही.

थंड झाल्यावर दिसणारे दोष

वॅक्स तुपासारखं रवाळ झालं, तर कार्नुबा आधी गोठला आणि बाकीचं मागाहून. पुन्हा पूर्ण वितळवा, गाळ काढून झाल्यावर थंड होताना हळूहळू ढवळा, आणि गढूळपणा दिसू लागला की थांबा. फ्रिजमध्ये ठेवून लवकर थंड केलं की कडा सुटतात आणि मधोमध चीर पडते. गरम असतानाच झाकण लावलं तर सॉल्व्हंट झाकणाखाली जमून परत थेंब-थेंब पडतं आणि वर तेलकट डबकी दिसतात. धुळीपासून राखायला वर कागद पुरतो.

वॅक्स कडक, भुसभुशीत झालं आणि पॅडवर येईना, तर सॉल्व्हंट उडालंय. आता ते वजन कामाला येतं. डब्यासकट पुन्हा तोला (डबा बदलला असेल तर दोन्ही रिकाम्या डब्यांच्या वजनातला फरक धरा), आणि आधीच्या वजनातून हे वजन व टाकलेल्या गाळाचं वजन वजा करा. जितके ग्रॅम कमी भरतील तितकंच मिनरल टर्पेंटाइन कोमट वॅक्समध्ये, उघड्यावर, मिसळा. २०० ग्रॅमच्या डब्यात ५-६ ग्रॅमची घट सहज भरून निघते. २० ग्रॅमच्या पुढे गेली तर ते वॅक्स गाडीला लावू नका, फावडं, कुदळ, लोखंडी गेट यांना लावून टाका. रंगकामात वापरतात ते एन. सी. थिनर अजिबात नको, ते रंग मऊ करतं. रॉकेलचा तेलकट थर मागे राहतो.

गाडीवर लावण्याआधी जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर नव्या पॅडने थोडं वॅक्स लावून पुसा आणि टॉर्च तिरका धरा. सीडीचं प्लास्टिक क्लिअर कोटपेक्षा नरम असतं, त्यामुळे तिथे नवा ओरखडा दिसला नाही तर बोनेटवर चिंता नाही. ओरखडा दिसला, तर आधी पॅड बदलून पाहा. पुष्कळदा दोषी तोच निघतो.

गाळ आणि मळलेलं वॅक्स सिंकमध्ये ओतू नका, पाइपमध्ये गोठून बसतं. कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाका, आणि सॉल्व्हंट लागलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात न फेकता बाहेर पसरून वाळवा.