मेश लावलं म्हणजे शोध झाला असं नाही: वैद्यकीय ग्रंथालयात नव्याने येणाऱ्यांसाठी

एम.लिब. करून वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाल्यावर समोर येणारे प्रश्न फारसे पुस्तकांचे नसतात. "सिनॉप्सिस परवा द्यायचाय, रेफरन्स काढून द्या." "हे जर्नल इंडेक्स्ड आहे का, प्रमोशनला चालेल का?" "पेपर उघडतच नाही." वर्गीकरण, कोहा सॉफ्टवेअर, स्टॉक व्हेरिफिकेशन तुम्हाला येतं, त्यावर इथे लिहीत नाही. लिहायचंय ते मुख्यतः एका जागेबद्दल. तिथे फसलं तरी कळत नाही, कारण स्क्रीनवर चूक दिसत नाही. निकाल येतात, नीटनेटके येतात, फक्त अपुरे येतात. ही जागा म्हणजे निव्वळ मेश संज्ञांवर (लेखांना विषयानुसार लावल्या जाणाऱ्या ठरावीक संज्ञांवर) विसंबून पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या मोफत शोधस्थळावर, केलेला शोध.

आपल्या शिक्षणात नियंत्रित शब्दावलीचं (एका विषयाला एकच ठरलेली संज्ञा) महत्त्व इतकं ठसवलेलं असतं की मेशची योग्य संज्ञा सापडली की काम झाल्यासारखं वाटतं. मेश 1960 पासून आहे आणि उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पबमेड म्हणजे मेडलाइन (निवडक जर्नल्सचा, मेश संज्ञा लावलेला डेटाबेस) नव्हे. पबमेडमध्ये मेडलाइनच्या नोंदी आहेत, शिवाय फक्त पबमेड सेंट्रल या पूर्ण लेखांच्या मोफत भांडारामार्गे आलेल्या नोंदी आहेत आणि प्रकाशकाकडून नुकत्याच आलेल्या, अजून प्रक्रियेत असलेल्याही आहेत. मेश संज्ञा लागतात त्या मेडलाइनच्या नोंदींना. बाकीच्या नोंदी तुमच्या मेशच्या ओळीला दिसतच नाहीत. भारतातली कितीतरी जर्नल्स मेडलाइनमध्ये नाहीत, पबमेड सेंट्रलमार्गे आलेली आहेत. म्हणजे मेशपुरता शोध केला की सगळ्यात आधी गळतं ते आपल्याकडचं संशोधन, जे आपल्या रेसिडेंटला सगळ्यात जास्त हवं असतं.

यात अलीकडे एक भर पडली आहे. एप्रिल 2022 पासून अमेरिकेचं राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय मेडलाइनच्या सगळ्या जर्नल्सना मेश संज्ञा संगणकाकडून लावून घेतं, माणसं निवडक नोंदी तपासतात. 2024 मध्ये त्याची न्यूरल नेटवर्कवर चालणारी नवी आवृत्ती आली. फायदा खरा आहे: पूर्वी संज्ञा लागायला महिने जायचे, तो उशीर आता जवळजवळ संपला. पण यंत्र शीर्षक आणि सारांश वाचतं. पूर्वी इंडेक्सर (संज्ञा लावणारा माणूस) पूर्ण लेख उघडून पाहत असे. सारांशात न आलेला उपगट किंवा औषधाचा दुय्यम वापर यंत्राच्या नजरेला पडत नाही. म्हणून 2022 आधीच्या आणि नंतरच्या मेशवर एकसारखा भरवसा ठेवू नका.

आता उदाहरण घेऊन पायरीपायरीने. समजा विषय आहे सिकलसेलच्या रुग्णांमध्ये हायड्रॉक्सियुरिया हे औषध. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा विषय थिसिससाठी वारंवार येतो, आणि जुलै 2023 मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून जास्तच.

पहिली ओळ मेशची: ॲनिमिया, सिकल सेल. ही संज्ञा घेतली की तिच्या खालच्या संज्ञाही आपोआप येतात, त्यात सिकल सेल ट्रेटही (आजार नसलेले वाहक) आहे. फक्त आजारी रुग्ण हवे असतील तर हे लक्षात ठेवा. दुसरी ओळ त्याच कल्पनेची, पण मुक्त शब्दांत, शीर्षक-सारांशाचा टॅग (फक्त तिथेच शोध, असं सांगणारी खूण) लावून. इथे "सिकल सेल" एवढंच अवतरणचिन्हात घ्या. पुढे डिसीज, ॲनिमिया, क्रायसिस काहीही आलं तरी ते पकडलं जातं, आणि ॲनिमियाच्या ब्रिटिश व अमेरिकन स्पेलिंगचा प्रश्नच उरत नाही. हा स्पेलिंगचा मुद्दा लहान वाटतो, पण आपले लेखक बहुतेक ब्रिटिश स्पेलिंग वापरतात. टॅग न लावता शोधलं तर पबमेड दोन्ही सांभाळून घेतं, टॅग लावला की घेत नाही. मधल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकायची सोय पबमेडमध्ये नाही, म्हणून जिथे गरज असेल तिथे दोन्ही स्पेलिंग स्वतः लिहा. या दोन ओळी ऑरने (यांपैकी काहीही चालेल) जोडल्या की पहिली कल्पना पूर्ण झाली.

औषधासाठीही तसंच. मेशमध्ये संज्ञा हायड्रॉक्सियुरिया आहे, पण युरोपातले लेखक त्याच औषधाला हायड्रॉक्सीकार्बमाइड म्हणतात. मुक्त शब्दांत दोन्ही हवेत. मग दोन्ही कल्पना अँडने (दोन्ही हवेत) जोडा, ऑपरेटर म्हणजे हे जोडशब्द कॅपिटल अक्षरांत लिहा आणि कंस घाला. पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं, कंस विसरलात तर ऑरचा अर्धा भाग अँडच्या बाहेर पडतो आणि निकाल हजारांनी फुगतात. ही चूक निदान दिसते तरी.

न दिसणाऱ्या चुका अशा. शब्दांभोवती अवतरणचिन्ह, टॅग किंवा शब्दाचे सगळे शेवट पकडणारी तारका (*), यांपैकी काहीही लावलं की पबमेडचं आपोआप मेशशी जुळवून घेणं बंद होतं. ते चालू आहे असं गृहीत धरून मेशची ओळच न लिहिणारे बरेच भेटतात. अवतरणातला शब्दसमूह पबमेडच्या यादीत नसेल तर अवतरण बाजूला ठेवून शब्द सुटेसुटे शोधले जातात. तसा संदेश वर येतो, पण घाईत तो वाचला जात नाही. तारकेआधी किमान चार अक्षरं लागतात. नोव्हेंबर 2022 पासून दोन शब्द किती अंतरात असावेत हे सांगून शोधता येतं, ही सोय फार उपयोगी आहे, पण तिच्यासोबत तारका चालत नाही. प्रत्येक शोधानंतर ॲडव्हान्स्ड पानावर जाऊन हिस्टरीतले सर्च डिटेल्स उघडा. तुम्ही काय टाइप केलंत त्यापेक्षा पबमेडने काय शोधलं हे महत्त्वाचं, आणि ते तिथेच दिसतं.

हाच सापळा दुसऱ्या दाराने पुन्हा येतो: डावीकडचे फिल्टर. ह्यूमन्स, वयोगट, स्त्री-पुरुष हे फिल्टर मेशवर चालतात. इतक्या काळजीने मुक्त शब्दांची ओळ लिहून गोळा केलेल्या नोंदी, "फक्त माणसांवरचे अभ्यास" असं एक टिचकीत निवडलं की पुन्हा गळून जातात. प्राण्यांवरचे लेख काढायचे असतील तर उलट्या बाजूने जा: ज्यांना ॲनिमल्स संज्ञा आहे पण ह्यूमन्स नाही, तेवढेच नॉटने वजा करा. ज्यांना संज्ञाच नाही ते मग सुरक्षित राहतात. वयासाठी चाइल्ड, इन्फंट, पीडियाट्रिक हे शब्द ओळीत लिहा. आणि "इंडिया" अँडने जोडायची घाई करू नका. सारांशात कित्येकदा "सेंट्रल इंडिया", "विदर्भ", "ट्रायबल" एवढंच असतं किंवा तेही नसतं. पत्त्याच्या रकान्यात नागपूर, गडचिरोली शोधता येतं, फक्त तो लेखकाचा पत्ता असतो, रुग्णांचा नव्हे.

हे सगळं बरोबर झालं का हे तपासायची पद्धत साधी आहे, आणि ती न वापरता शोध कुणाच्या हातात देऊ नये असं माझं ठाम मत आहे. गाइडकडून किंवा आधीच्या रिव्ह्यूमधून विषयाला नक्की लागू पडणारे आठ-दहा लेख घ्या. त्यांचे पबमेड क्रमांक ऑरने जोडून एक ओळ करा. या ओळीतून तुमचा शोध नॉटने वजा करा. जे उरले ते तुमच्या शोधातून निसटले. एकेक उघडा: मेश नाही? लेखकाने वेगळाच शब्द वापरलाय? सारांशच नाही? कारण सापडलं की ओळ दुरुस्त करा. दुसरी तपासणी: मुक्त शब्दांच्या ओळीतून मेशची ओळ वजा करून पहिले वीस निकाल वाचा. मेशने काय सोडलं हे तिथे डोळ्यांनी दिसतं, आणि एकदा पाहिलं की कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

सुरुवातीला हे सगळं डोक्यात मावत नाही. त्याने घाबरू नका. दोन-तीन विषय असे शेवटपर्यंत केले की हात बसतो, आणि डॉक्टर मंडळींना हे येत असेल ही भीतीही जाते. त्यांना विषय येतो, शोध तुम्हाला यायचा असतो.

मार्गदर्शकाबद्दल एक मत. तयार स्ट्रॅटेजी (शोधाच्या लिहिलेल्या ओळी) हातात ठेवणारे सीनियर शोधू नका, तुमची स्ट्रॅटेजी वाचून चुका दाखवणारा माणूस शोधा, मग तो दुसऱ्या कॉलेजचा का असेना. अशा तपासणीसाठी प्रेस नावाची यादी आहे: कल्पनांची जोडणी, ऑपरेटर, विषयसंज्ञा, मुक्त शब्द, स्पेलिंग, मर्यादा. ती समोर ठेवून दोघांनी एकमेकांचे शोध तपासले तरी पुष्कळ शिकणं होतं. छापून आलेल्या रिव्ह्यूमधली स्ट्रॅटेजी जशीच्या तशी उचलणं मात्र धोक्याचं. छापलेली म्हणून ती बरोबर असते असं नाही.

चॅटबॉटकडून स्ट्रॅटेजी लिहून घेण्याचं प्रमाण आता खूप वाढलं आहे. समानार्थी शब्द सुचवायला ते बरं आहे. पण ते अस्तित्वात नसलेल्या मेश संज्ञा खऱ्यासारख्या लिहून देतं, त्यामुळे प्रत्येक संज्ञा मेश ब्राउझरमध्ये स्वतः पाहा. संदर्भांचं तर याहून वाईट. रेसिडेंटने आणलेल्या यादीत डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक) उघडतो एवढ्यावर समाधान मानू नका, तो उघडतो पण भलत्याच लेखावर जातो असं होतं. शीर्षक, पहिला लेखक, वर्ष, तिन्ही जुळवा. यादी झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली तर मागे घेतलेल्या लेखांवर ते इशारा दाखवतं. डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफने सप्टेंबर 2023 मध्ये रिट्रॅक्शन वॉचचा मागे घेतलेल्या लेखांचा डेटाबेस घेतला आणि सगळ्यांना खुला केला, तोही वापरा. थिसिस जमा होण्याच्या आठवड्यात ही तपासणी पुन्हा एकदा करा, मधल्या काळात लेख मागे घेतला गेलेला असू शकतो.

"इंडेक्स्ड आहे का" या प्रश्नाला पबमेडमध्ये नाव टाकून उत्तर देऊ नका. एखाद्या जर्नलचा एखादाच लेख निधी देणाऱ्या संस्थेच्या अटीमुळे पबमेड सेंट्रलमध्ये जमा झालेला असतो आणि पबमेडमध्ये दिसतो, त्याने जर्नल इंडेक्स्ड होत नाही. एनएलएम कॅटलॉग (अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची सूची) उघडा, जर्नल नावाने न शोधता आयएसएसएनने (जर्नलच्या ठरलेल्या क्रमांकाने) शोधा, आणि सध्या मेडलाइनसाठी इंडेक्स होतंय असा उल्लेख आहे का ते पाहा. नावाने शोधलं की सारख्या नावाची बनावट जर्नल्स फसवतात. एनएमसीला (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला) कोणते डेटाबेस चालतात ही यादी बदलत आली आहे, तेव्हा चालू नियम काढून लेखी उत्तर द्या. यूजीसीची मान्य जर्नल्सची केअर यादी 2025 मध्ये बंद झाली, तरी तिचा हवाला अजून दिला जातो.

पूर्ण लेख मिळवण्याचं चित्र 1 जानेवारी 2025 पासून बदललं. वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या योजनेत 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नल्स आली, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपयांची तरतूद झाली आणि समन्वय गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे आहे. योजना केंद्र आणि राज्य सरकारी संस्थांसाठी आहे. सरकारी कॉलेजात असाल तर संस्थेची नोंदणी झाली आहे का आणि रेसिडेंटना लॉगिन मिळालंय का, हे आधी पाहा. एवढी मोठी सोय दारात असून रेसिडेंटला तिचा पत्ता नसणं हे मला फार लागतं. खाजगी कॉलेजात असाल तर ही सोय नाही हे स्पष्ट सांगा आणि पबमेड सेंट्रल, युरोप पीएमसी (तसंच युरोपचं भांडार), अनपेवॉल (लेखाची मोफत कायदेशीर प्रत शोधणारी सोय) या क्रमाने जा, नाहीतर लेखकाला दोन ओळींची ईमेल करा. बरेच लेखक पाठवतात. बेकायदा साइटचा पत्ता ग्रंथपालाने देऊ नये. संस्थेच्या नावाने बसलेल्या माणसाने दाखवलेला रस्ता संस्थेचाच धरला जातो.

सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचं (एका विषयावरचे सगळे अभ्यास पद्धतशीर गोळा करून घेतलेल्या आढाव्याचं) काम आलं तर नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवा: प्रत्येक डेटाबेसचं नाव आणि प्लॅटफॉर्म, शोधाची तारीख, पूर्ण स्ट्रॅटेजी ओळीओळीने, प्रत्येक ओळीचे निकाल. असे रिव्ह्यू कसे लिहावेत हे सांगणारी प्रिझ्मा 2020 आणि शोधासाठीची 16 कलमांची प्रिझ्मा-एस हेच मागतात, आणि सहा महिन्यांनी समीक्षकाने विचारल्यावर तोच आकडा पुन्हा काढता येत नाही, कारण पबमेड रोज वाढतं. पबमेडमधून एका वेळी 10,000 नोंदीच उतरवता येतात, त्याहून जास्त असतील तर वर्षांचे तुकडे पाडा. एमबेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये मेश चालत नाही, तिथे एमट्री ही त्यांची स्वतःची शब्दावली आहे, संज्ञा नव्याने शोधाव्या लागतात. भारतीय चाचण्यांसाठी सीटीआरआय (क्लिनिकल चाचण्यांची भारतीय नोंदवही) वेगळं पाहा. प्रोस्पेरो या रिव्ह्यूंच्या नोंदवहीतली नोंदणी स्क्रीनिंग (लेखांची छाननी) सुरू होण्याआधी झालेली असावी.

आणि लेखकत्वाचं पहिल्याच बैठकीत विचारा. स्ट्रॅटेजी तुमची, पद्धतीचा परिच्छेद तुम्ही लिहिणार, अंतिम मसुदा वाचून मान्य करणार आणि त्याची जबाबदारी घेणार असाल, तर आयसीएमजेईच्या (वैद्यकीय जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) निकषांनी तुम्ही लेखक ठरता. फक्त शोध करून दिला असेल तर आभारात नाव यावं. यातलं काय ठरलं ते सर किंवा मॅडमना त्याच दिवशी ईमेलने कळवा. पेपर स्वीकारला गेल्यावर हा विषय काढला तर संबंधही बिघडतात आणि नावही येत नाही.